पात्र आणि अपात्र : 'फकिरा'तील खजिना व महामंडळाचा निधी

मराठी समीक्षेत आणि मराठी शासनव्यवहारात सारख्याच सहजतेने वावरणारा एक शब्द आहे : 'पात्र'. समीक्षक कादंबरीतील पात्रांविषयी लिहितो, शासन निर्णय पात्र लाभार्थ्यांविषयी बोलतो. शब्दाचे हे दोन उपयोग परस्परांपासून इतके दूर राहिले आहेत, की त्यांचा एकमेकांशी काही संबंध असू शकेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. प्रस्तुत लेखात हा संबंध तपासून पाहायचा आहे. त्याला निमित्त दोन आहेत : अण्णाभाऊ साठे यांची 'फकिरा' (१९५९) ही कादंबरी, आणि याच लेखकाचे नाव धारण करणाऱ्या महामंडळातील निधीच्या अपहाराचे प्रकरण.

हा प्रश्न मला ग्रंथालयात सुचलेला नाही. तानसा धरणाच्या परिसरातील महाविद्यालयात 'फकिरा' शिकवत असताना तो एका विद्यार्थ्याने उभा केला. दुष्काळात फकिरा माळवाडीच्या मठकऱ्याचे धान्य लुटून भुकेल्यांत वाटतो, या प्रसंगाचे विवेचन चालू होते. मागच्या बाकावरील पाड्यावरच्या एका मुलाने विचारले, "सर, त्या वाटपाची यादी कोणी केली होती?" वर्गात हशा पिकला. तो मुलगा मात्र हसला नाही. त्याच्या पाड्यावर 'वाटप' हा शब्द 'यादी' या शब्दावाचून कधी उच्चारलाच गेला नव्हता. यादीत नाव असणे आणि वस्तू हाती येणे या दोन वेगळ्या घटना आहेत, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होते. आमच्या कथनमीमांसेला ते ठाऊक नव्हते.

प्रश्नाचे सरळ उत्तर असे, की त्या वाटपाला यादी नव्हती. पण 'फकिरा'मध्ये यादी नाहीच असे नाही. या कादंबरीतील यादी हजेरीची आहे. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्यांना जन्मतःच संशयित ठरवले, त्यांची नावे सरकारदप्तरी होती आणि त्या नावांना ठरल्या वेळी चावडीवर उभे राहावे लागत असे. हा कायदा १९५२मध्ये रद्द झाला. अण्णाभाऊंनी कादंबरी लिहिली ती त्यानंतर, म्हणजे जुनी यादी मिटली होती आणि नव्या, कल्याणकारी याद्या तयार होऊ लागल्या होत्या, त्या संधिकालात. हजेरीची यादी आणि लाभार्थ्यांची यादी यांचे हेतू अगदी विरुद्ध आहेत, हे मान्यच केले पाहिजे. तरीही एक साम्य उरते. दोन्ही याद्यांत माणूस नावापुरता असतो. तो काही करत नाही, त्याच्याबाबत काही केले जाते. वाङ्मयीन परिभाषेत सांगायचे तर तो नोंद असतो, पात्र नसतो.

'फकिरा'वर भाबड्या अद्भुतरम्यतेचा आक्षेप वारंवार घेतला गेला आहे. नायक अतिमानवी आहे, संघर्ष ठळक रंगांत रंगवलेले आहेत, घोडदौडी आणि चकमकी रंजनप्रधान आहेत, असे म्हटले जाते. या आक्षेपांत तथ्य नाही असे नाही. परंतु ज्या ठळकपणाला आपण दोष मानतो, तो या कादंबरीत एक महत्त्वाचे काम करतो. लूट आणि वाटप या दोन्ही क्रिया तो डोळ्यांसमोर घडवतो. बेडसगावचा खजिना कोणाचा, तो कोणी लुटला, का लुटला आणि तो कोणाच्या ओंजळीत गेला, यांपैकी एकही गोष्ट वाचकापासून लपलेली राहत नाही. व्याकरणाच्या भाषेत या कथनातील सर्व कारके भरलेली आहेत : कर्ता आहे, कर्म आहे, धन जेथून निघाले ते अपादान आहे आणि ज्यांच्यासाठी निघाले ते संप्रदानही आहे. कर्त्याला आपल्या कर्माने ज्याच्यापर्यंत पोचायचे असते ते संप्रदान, ही परंपरेने दिलेली व्याख्या 'फकिरा'तील वाटपाला तंतोतंत लागू पडते. अण्णाभाऊंच्या जन्माच्या वेळी, १ ऑगस्ट १९२० रोजी, लुटीतले सुरती रुपये फकिराने वाटेगावात त्यांच्या घरी दिले, अशी आठवण सांगितली जाते. ती खरी मानली तर लेखक स्वतःच त्या वाटपाच्या संप्रदानांपैकी एक ठरतो.

आता दुसऱ्या संहितेकडे वळू. लोकशाहीर अण्णाभाऊ साठे विकास महामंडळाची स्थापना १९८५मध्ये झाली. मातंग आणि तत्सम जातींतील कुटुंबांना अनुदान, बीजभांडवल आणि थेट कर्ज देऊन स्वतःच्या पायांवर उभे करणे हा त्याचा हेतू. २०१२नंतर रमेश कदम या महामंडळाचे अध्यक्ष होते आणि २०१४मध्ये ते राष्ट्रवादी काँग्रेस पक्षातर्फे मोहोळ या राखीव मतदारसंघातून विधानसभेवर निवडून आले. महामंडळाचा तीनशे कोटींहून अधिक रुपयांचा निधी अन्यत्र वळवल्याच्या आरोपावरून त्यांना ऑगस्ट २०१५मध्ये अटक झाली. २०१९ची विधानसभा निवडणूक त्यांनी ठाण्याच्या कारागृहातून अपक्ष म्हणून लढवली आणि त्यात ते पराभूत झाले. सुमारे आठ वर्षांच्या कारावासानंतर २०२३मध्ये ते जामिनावर सुटले. आरोप सिद्ध झाले असे येथे गृहीत धरलेले नाही, कारण निवाडा देणे हे समीक्षेचे काम नव्हे. समीक्षेचा प्रश्न वेगळा आहे : ज्या लेखकाने खजिन्याच्या वाटपाची मराठीतील सर्वांत ठळक प्रतिमा निर्माण केली, त्याच्याच नावाच्या खजिन्याविषयीच्या या प्रकरणाचे कथन कसे घडते?

कायद्याने या दोन घटनांना दिलेली नावे बोलकी आहेत. फकिराने केला तो दरोडा. महामंडळाच्या प्रकरणासारख्या आरोपाचे नाव 'फौजदारीपात्र न्यासभंग' असे आहे, आणि येथेही 'पात्र' हा शब्द आहेच. दरोड्यात घेणारा आणि ज्याचे जाते तो, हे एकमेकांचे विरोधक असतात. न्यासभंगात मात्र घेणाऱ्याकडेच विश्वासाने ठेव सोपवलेली असते. 'न्यास' आणि 'निधी' या दोन्ही शब्दांच्या मुळाशी खाली ठेवणे, सोपवणे हा अर्थ आहे. म्हणून न्यासभंगाला कुलूप फोडावे लागत नाही, किल्ली आधीच दिलेली असते. आणि जेथे कुलूप फुटत नाही तेथे प्रसंगही घडत नाही. कादंबरीला जो लागतो, तो नेमका प्रसंगच येथे नसतो. असतात ते ठराव, मंजुऱ्या, धनादेश आणि एका खात्यातून दुसऱ्या खात्यात 'वर्ग' झालेल्या रकमा.

या कागदांच्या मराठीचा विचार भाषाभ्यासकांनी फारसा केलेला नाही. तिचे लाडके क्रियापद 'करण्यात आले' हे आहे. निधी वितरित करण्यात आला, लाभार्थ्यांची निवड करण्यात आली, साहित्याचे वाटप करण्यात आले. या वाक्यांतून कर्ता व्याकरणानेच अदृश्य झालेला असतो. दुसऱ्या टोकाला संप्रदान नावाने हजर असते, पण क्रिया त्याच्यापर्यंत पोचल्याचा पुरावा म्हणजे एक अंगठा किंवा एक सही. अपहार घडतो तो या दोन रिकाम्या जागांच्या दरम्यान. भाषा अपहार करत नाही हे उघड आहे, पण तो जेथे निर्वेधपणे राहू शकेल असे घर मात्र ती बांधून ठेवते.

आदिवासी विकास विभागाच्या २००४ ते २००९ या काळातील योजनांच्या चौकशीतून हेच दिसते. जनहित याचिकेवरून मुंबई उच्च न्यायालयाने २०१४मध्ये निवृत्त न्यायमूर्ती एम. जी. गायकवाड यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा अहवाल २०१७मध्ये आला आणि त्यात मोठ्या प्रमाणावरील गैरव्यवहार नोंदवले गेले. वाटपाच्या वस्तू होत्या तेलपंप, गॅसशेगड्या, दुभती जनावरे. अशा चौकशीचे खरे काम यादीतील नावापासून माणसापर्यंत चालत जाणे हे असते : या नावाचा माणूस आहे का, त्याच्या दारात म्हैस आली होती का, पंप त्याच्या विहिरीवर बसला का. म्हणजे नोंदीचे पुन्हा पात्रात रूपांतर करणे. जे काम कादंबरीने करावे अशी आपली अपेक्षा असते, ते येथे एका चौकशी समितीला करावे लागले.

मग मराठी कादंबरीने ते केले नाही का? राजकीय भ्रष्टतेचे चित्रण करणारी आपली सर्वपरिचित कादंबरी म्हणजे अरुण साधू यांची 'सिंहासन' (१९७७). सत्तेची यंत्रणा तीत विलक्षण जाणतेपणाने उलगडते, पण वाचकाला बसायला मिळते ते खुर्चीच्या जवळ. जो पैसा कोठे तरी पोचला नाही, तो कोणापर्यंत पोचायचा होता हे त्या जागेवरून दिसत नाही. विश्वास पाटील यांच्या 'झाडाझडती'ने (१९९१) ही बैठक बदलली. धरणग्रस्तांच्या मोबदल्याची कहाणी सांगताना तिने संप्रदानालाच कथनाच्या मध्यभागी आणले. येथे यादीतली नावे भांडतात, फसतात, हिशेब मागतात. धरणाच्या शेजारी राहणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांना ही कादंबरी जवळची वाटते, त्याचे कारण केवळ विषयसाधर्म्य नव्हे. यादीतल्या माणसाला तीत आवाज आहे, हे त्याचे कारण आहे.

येथे 'फकिरा'विषयी एक अडचण प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. या कादंबरीतही घेणारे बहुधा समूहरूपाने येतात. देणारा एक आणि तेजस्वी, घेणारे अनेक आणि निनावी, ही तिची रचना आहे. नेमकी हीच रचना आजच्या पक्षीय राजकारणाने उचलली आहे. व्यासपीठावर नेता, त्याच्या हातात शिलाई मशीन, खाली रांग आणि समोर छायाचित्रकार. सार्वजनिक निधी येथे दात्याच्या खासगी औदार्यासारखा दिसू लागतो, आणि जे हक्काने मिळायचे त्याबद्दल घेणारा कृतज्ञ राहतो. देणे हे औदार्य मानले गेले की न देणे हा अपराध उरत नाही. तेव्हा 'फकिरा'ला केवळ दातृत्वाची गाथा म्हणून वाचले, तर लोकनायकाच्या नावाने चालणाऱ्या अपहाराला आपणच एक वाङ्मयीन वंशावळ मिळवून देतो.

परंतु तसे वाचन कादंबरी अर्ध्यावर सोडणारे वाचन आहे. 'फकिरा'चे नैतिक केंद्र लुटीत नाही आणि वाटपातही नाही. ते शेवटच्या शरणागतीत आहे. सरकार त्याच्या माणसांना डांबून ठेवते. ज्यांच्यासाठी खजिना लुटला, त्यांनाच त्याची किंमत मोजावी लागणार असे दिसताच फकिरा स्वतःला स्वाधीन करतो. इंग्रजांच्या कायद्याचा अधिकार त्याला मान्य झालेला नसतो. तो उत्तर देतो ते सरकारला नव्हे, तर घेणाऱ्यांना. आपल्या हातून गेलेल्या प्रत्येक रुपयाबद्दल, ज्यांना तो मिळाला त्यांच्यासमोर, स्वतःच्या देहानिशी उभे राहणे हा त्या शरणागतीचा अर्थ आहे. अतिमानवी म्हणून ज्याची हेटाळणी झाली, तो नायक याच ठिकाणी सर्वांत अधिक माणूस होतो.

महामंडळाच्या प्रकरणात नेमकी हीच जागा रिकामी आहे. खटला सरकार विरुद्ध आरोपी असा चालतो. न्यायालय, तपासयंत्रणा, पक्ष, वृत्तपत्रे हे सर्व बोलतात. ज्या कुटुंबांचे बीजभांडवल होते, ती कुटुंबे या कथनात कोठेही बोलत नाहीत. त्यांना फिर्यादीचीही भूमिका नाही. रक्कम कधी काळी वसूल झाली तरी ती तिजोरीत परत जाईल, त्या घरांतील वाया गेलेली वर्षे मात्र कोणत्याच रकान्यात बसणार नाहीत.

तानसाचे धरण १८९२मध्ये पूर्ण झाले. तेव्हापासून त्याचे पाणी जलवाहिन्यांतून मुंबईला जाते आणि उन्हाळ्यात शहापूर तालुक्यातील पाडे टँकरची वाट पाहतात. 'पात्र' या शब्दाचा तिसरा अर्थ आमच्याकडे रोज दिसतो, तो नदीचे पात्र. धरणाखाली मार्चनंतर ते कोरडे असते. पाणी नाहीसे झालेले नसते, ते दुसरीकडे पोचलेले असते. अपहृत निधीचेही तसेच असते. तो कोठे गेला याचा शोध घेणाऱ्या यंत्रणा आहेत आणि त्या असल्याच पाहिजेत. तो कोठे पोचला नाही हे सांगण्याचे काम वाङ्मयाचे आहे, आणि वाङ्मय ते करते की नाही हे पाहण्याचे काम समीक्षेचे. त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाला मी त्या दिवशी, यादी नव्हती, एवढेच उत्तर दिले. ते अपुरे होते. फकिराच्या वाटपाला यादी लागली नाही, कारण देणारा घेणाऱ्यांच्या समोर उभा होता आणि शेवटपर्यंत उभा राहिला.