शारदेचा आरसा

सांगलीजवळच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल यांचे ‘संगीत शारदा’ १८९९ साली रंगभूमीवर आले. पैशाच्या लोभाने पोटची मुलगी जरठाच्या गळ्यात बांधू पाहणाऱ्या बापाची ही कथा. मुलगी ही विक्रीची वस्तू नव्हे, हे देवलांनी समाजाला ठणकावून सांगितले. नाटकाची ही थोरवी आम्ही मानतोच. तथापि त्याच रंगभूमीने पुढे काय घडविले, तेही पाहिले पाहिजे.

१९०५ साली मिरजेच्या रंगमंचावर बालगंधर्व शकुंतला होऊन उभे राहिले. शारदा त्यांनी केली. सांगलीच्याच कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘मानापमाना’तील (१९११) भामिनीही केली. त्यांचे नेसणे, दागिने, केसांची ठेवण यांचे अनुकरण घरंदाज स्त्रिया करू लागल्या. स्त्रीने कसे दिसावे याचा आदर्श एका पुरुषाने, प्रेक्षकांच्या नजरेसाठी घडविला होता! त्या कलेला आम्ही दोष देत नाही. परंतु रंगमंचावरचे ते रूप घरच्या आरशात शिरले. दारी आलेला ग्राहक दिसतो, म्हणून त्याला विरोध करता येतो. तो मनात येऊन बसला, की मुलगी स्वतःच आपली पारख करू लागते.

१९९७ साली बार्बरा फ्रेडरिकसन व टोमी-ॲन रॉबर्ट्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी याच प्रक्रियेची मांडणी केली. परक्या नजरेने आपले शरीर सतत न्याहाळण्याची सवय जडली, की लाज व चिंता वाढतात आणि हातातील कामावरचे चित्त उडते, असे त्यांचे प्रतिपादन. मिस्सेत वाचनास उभी राहिलेली मुलगी मग शास्त्रपाठाऐवजी आपल्या चेहऱ्याचाच विचार करीत राहते.

आज तो आरसा मोबाईलच्या रूपाने हातात आला आहे. ‘फेअर अँड लव्हली’ने २०२० साली नाव बदलले, पण सातारा-सांगलीच्या आमच्या धर्मग्रामांत लग्न जुळविताना होणारी रंगाची, बांध्याची बोलणी बदलली काय? इशायाच्या घरी शमुवेल संदेष्टाही थोरल्या मुलाच्या रूपाला व उंचीला भुलला होता. परमेश्वराने त्याला आवरले आणि मेंढरे राखणाऱ्या धाकट्या दावीदाला बोलावून घेतले.

देवलांच्या नाटकात शारदा बोहल्यावरून सुटते. आरशासमोर उभ्या असलेल्या आपल्या मुलींची सुटका मात्र आपण आपल्या जिभेला आवर घालू तेव्हाच सुरू होईल.