बातमीची सनद

२० ऑगस्ट २०२४ रोजी बदलापूर स्थानकात लोक सकाळपासून रुळांवर उतरले होते आणि अंबरनाथच्या पुढे कर्जतपर्यंतची लोकल वाहतूक संध्याकाळपर्यंत बंद पडली होती. एका शाळेत दोन चिमुरड्या मुलींवर अत्याचार झाला, तक्रार नोंदवून घ्यायला विलंब झाला, आणि आई-बापांच्या संतापाला वाट मिळाली ती मोबाइलवरून फिरलेल्या संदेशांतून. ही बातमी आमच्यापर्यंत मात्र त्या दिवसाच्या आधीच पोचली होती. आम्ही राहतो अंबरनाथला आणि शिकवतो उल्हासनगरात, उर्दू माध्यमाच्या शाळेत. मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत ज्याच्या त्याच्या हातात मोबाइल होता. एका सहकाऱ्याने विचारले, "नाम पता चला क्या?" आरोपीचे नाव त्याला हवे होते. कुणीतरी ते वाचून दाखवले. आपल्यातले नव्हते. खोलीतला ताण एकदम उतरला. एकाच्या तोंडून "अल्हमदुलिल्लाह" देखील निघून गेले. मग घंटा होईपर्यंत कुणी कुणाच्या तोंडाकडे पाहिले नाही. दोन लहान लेकरांवर एवढे ओढवले असताना आम्हांला हायसे वाटले होते.

या लेखाची सुरुवात त्या हायसे वाटण्यापासून झाली. बातमी वाचताना आधी नाव शोधण्याची ही खोड आम्हांला कुणी लावली? आणि आम्ही ती लावून का घेतली? पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपण वर्षानुवर्षे देत आलो आहोत, त्यावर पुष्कळ लिहिलेही गेले आहे. दुसरा प्रश्न आपण सहसा टाळतो.

उल्हासनगरात 'सनद' हा शब्द उच्चारला की समोरच्याला जागेचा कागद आठवतो. फाळणीनंतर सिंधमधून आलेले निर्वासित कल्याणच्या लष्करी छावणीत वसले, १९४९ साली तिचे उल्हासनगर झाले, पण आजही पत्ता सांगताना लोक 'कॅम्प नंबर चार' असेच म्हणतात. ज्या जमिनीवर घर उभे आहे तिची सनद खरी की बोगस, हा तिथला पिढ्यानपिढ्यांचा वाद आहे. आमच्या मदरशात शिकलेल्या सनदेचा अर्थ वेगळा. हदीसच्या आरंभी येणारी सांगणाऱ्यांची साखळी म्हणजे सनद. अमुकने अमुककडून ऐकले, त्याने अमुककडून. त्यानंतर येतो तो मजकूर म्हणजे मतन. प्रत्येक रावी कोण होता, कुठे राहिला, ज्याच्याकडून ऐकल्याचे सांगतो त्याला कधी भेटला तरी होता का, खोटे बोलताना कधी सापडला होता का, याची छाननी करणारे एक स्वतंत्र शास्त्रच उभे राहिले. मजकूर कितीही गोड असो, साखळीत एक कडी निखळली की रिवायत कमजोर ठरते. सूरह हुजुरातची सहावी आयत तर थेट सांगते, की भरवशाच्या नसलेल्या माणसाने खबर आणली तर आधी शहानिशा करा, नाहीतर अजाणता एखाद्या जमातीला इजा कराल आणि मागून पस्तावाल. ज्या उम्मतीपाशी हे शास्त्र आहे, तिच्या मोहल्ल्यातले व्हॉट्सॲप ग्रुप आम्ही रोज पाहतो. सकाळी आठच्या आत चाळीस संदेश, आणि एकालाही रावी नाही.

रावी नाही असे म्हणणेही तितकेसे बरोबर नाही. रावी असतो, पण झाकलेला. व्हॉट्सॲपने २०१८ मध्ये पुढे पाठवलेल्या संदेशावर 'फॉरवर्डेड' ही खूण सुरू केली; एकाच वेळी पाच ठिकाणीच संदेश पाठवता येईल असे बंधन भारतात त्याच वर्षी आले. त्याला कारण घडले होते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांना मुले पळवणारे समजून जमावाने ठार मारले. पुढे दोन बाणांची खूण आली, आणि एप्रिल २०२० पासून फार फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येऊ लागला. या उपायांनी वेग कमी झाला हे मान्य. पण त्या दोन बाणांकडे जरा आमच्या मदरशाच्या नजरेने पाहा. साखळी लांब आहे एवढेच ते सांगतात. साखळीत कोण आहे ते सांगत नाहीत. सनदेची लांबी मोजली आणि रावींची नावे पुसली! आमच्या उस्तादांना हे दाखवले असते तर त्यांनी कपाळावर हात मारला असता.

अफवा मोबाइलने जन्माला घातली असेही आम्ही म्हणत नाही. २६ जुलै २००५ च्या प्रलयानंतर दोनच दिवसांनी मुंबईत जुहूच्या नेहरूनगर झोपडपट्टीत पाणी चाल करून येत असल्याची आवई उठली आणि चेंगराचेंगरीत किमान अठरा माणसे गेली. तेव्हा यातले काहीच नव्हते. एकाने दुसऱ्याला ओरडून सांगितले, तेवढे पुरले.

उलट, सनद शाबूत असली की हेच साधन किती उपयोगी पडते तेही याच परिसराने पाहिले आहे. २७ जुलै २०१९ च्या पहाटे कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणी दरम्यान उल्हास नदीच्या पुरात अडकली. डब्यातली माणसे खिडकीतून पाणी दाखवत होती, डब्याचा क्रमांक सांगत होती, सोबत किती मुले आहेत ते सांगत होती. त्या चित्रफितींना रावी होता, आणि तो स्वतः पाण्यात होता. बाहेरून बोलणाऱ्यांचे आकडे मात्र सातशेपासून दोन हजारांपर्यंत हेलकावे खात होते. दुपारपर्यंत सुमारे एक हजार पन्नास प्रवासी सुखरूप निघाले, त्यांत नऊ गरोदर स्त्रिया होत्या. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या बोटी आल्या, नौदल आले, आणि आसपासचे गावकरी मदतीला धावले. इथे आमचाही गुन्हा कबूल केला पाहिजे. त्या सकाळी 'धरण फुटले' असा एक संदेश आम्हांला आला आणि आम्ही तो पालकांच्या ग्रुपवर टाकला. काळजीपोटीच टाकला. धरण जागच्या जागी होते. एका विद्यार्थिनीची आजी सामान डोक्यावर घेऊन जिना उतरताना पडली. पाय मुरगळण्यावर निभावले, म्हणून आज आम्ही हे लिहू शकतो.

काळजीपोटी, हमदर्दीपोटी पसरणारे खोटे जास्त पकडायला हवे, असे तेव्हापासून आमचे मत आहे. बदलापूरच्या आंदोलनाला आठवडाच उलटला होता. धुळ्याहून मुंबईकडे येणाऱ्या गाडीत जळगावकडच्या एका वृद्ध मुसलमान गृहस्थांना गोमांसाच्या संशयावरून तरुणांच्या टोळक्याने मारहाण केली. ते कल्याणला मुलीकडे निघाले होते. डब्यातच काढलेली चित्रफीत फिरली, आणि तिच्यामुळेच प्रकरण उजेडात आले. इथवर ठीक. पण लगोलग त्या गृहस्थांनी आत्महत्या केल्याचा मजकूर फिरू लागला. तो आपल्या लोकांनी, डोळ्यांत पाणी आणून फिरवला. ते हयात होते. जिवंत माणसाच्या नावाने 'इन्ना लिल्लाहि' लिहून आम्ही मोकळे झालो, आणि ज्यांना मूळ मारहाणच खोटी ठरवायची होती त्यांच्या हाती आयते कोलीत दिले.

श्रीमलंगगड किंवा हाजी मलंग, ज्याला जे म्हणायचे ते म्हणावे, आमच्या अंबरनाथ तालुक्यातच येतो. माघ पौर्णिमेला उरूस भरतो, आणि त्या सुमारास मोबाइलवर दोन्ही बाजूंचा दारूगोळाही भरतो. मार्च २०२१ मध्ये आरतीच्या वेळी घोषणाबाजी करून व्यत्यय आणणाऱ्या जमावाची चित्रफीत सर्वदूर गेली. हिललाइन पोलिसांनी गुन्हा नोंदवला. ते घोषणा देणारे आपले होते आणि त्यांनी केले ते वाईटच केले, यात 'पण' नको. मात्र त्या फितीसोबत, किंवा तिला उत्तर म्हणून आपल्या बाजूने फिरलेल्या मजकुरात, केतकर घराण्याचा उल्लेख आम्हांला कुठे आढळला नाही. दर्ग्याची वंशपरंपरागत व्यवस्था एका ब्राह्मण घराण्याकडे आहे. १९५४ साली त्याच घराण्यातील तंटा सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा हे संमिश्र स्थान आहे आणि ते त्याच्या स्वतःच्या खास रूढींनी चालते, असे न्यायालयाने नोंदवले. मलंगाच्या डोंगराची सगळी गंमत, सगळी गुंतागुंत या एका गोष्टीत आहे. पण तीस सेकंदांत केतकर मावत नाहीत. त्यांना सांगायला बसले की ऐकणाऱ्याला दोन्हीकडे जरा थांबावे लागते, आणि थांबलेला माणूस पुढे पाठवत नाही.

आता आमच्या धंद्याची, म्हणजे लिहिण्याची गोष्ट. काही वर्षांपूर्वी आम्ही एका छोट्या अंकात एक कथा लिहिली होती. उल्हासनगरच्या जीन्स कारखान्यातला शिलाई कारागीर, सिंधी घरमालकाचे दोन महिन्यांचे भाडे थकलेले, दोघांचे कडाक्याचे भांडण. भांडणाच्या भरात म्हातारा मालक हिशेबाची वही काढतो, आणि कारागिराला दिसते की वही अरबी लिपीत आहे. सिंधी त्याला येत नाही, अक्षरे मात्र सगळी वाचता येतात. मग दोघे मिळून आकडे तपासतात. भाडे माफ होत नाही. एवढीच कथा. फार मोठी नाही, आम्हांला ठाऊक आहे.

गेल्या वर्षी ती आम्हांलाच मोबाइलवर आली. पहिली चार वाक्ये जशीच्या तशी. पुढे कारागीर रात्रभर जागून एका अनाथ हिंदू मुलीचा शाळेचा गणवेश शिवतो, पैसे घेत नाही, आणि मुलगी त्याला राखी बांधते. भाडे गेले, भांडण गेले, वही गेली. खाली लिहिले होते, 'लेखक अनामिक. डोळे पाणावले तर पुढे पाठवा.' पाठवणारे आमचे जुने हिंदू स्नेही होते, अतिशय सज्जन; त्यांनी ती प्रेमानेच पाठवली होती. आम्ही त्यांना काहीच बोललो नाही. काय बोलणार?

नाव गेल्याचे दुःख होते, नाही म्हणत नाही. पण त्याहून आम्हांला खटकले ते त्या कारागिराचे झालेले हाल. मोबाइलवरच्या मराठीत मुसलमान दोनच प्रकारचे उरले आहेत, सैतान आणि फरिश्ता. रिक्षात विसरलेली पर्स परत करणारा, पुरात मूर्ती वाचवणारा, शेजाऱ्याच्या तिरडीला खांदा देणारा. हे घडत नाही असे नाही. आमच्या गल्लीत घडलेले आम्ही पाहिले आहे. मात्र रोज फरिश्ताच दाखवला की वाचणाऱ्याच्या मनात दर महिन्याला भाडे थकवणारा, बायकोवर चिडणारा, सात बेचाळीसची लोकल चुकवणारा मुसलमान संशयास्पद ठरतो. चांगुलपणाचा दाखला दिल्याशिवाय ज्याला गोष्टीत प्रवेश नाही, तो बातमीतही आरोपी म्हणूनच शिरणार. हमीद दलवाईंच्या पुष्कळ मतांशी आमचे जमत नाही आणि जमेल असे वाटतही नाही. पण 'इंधन' ही त्यांची १९६५ ची कादंबरी आम्ही पुन्हा वाचतो ती याचसाठी, की तिच्यात गावातली माणसे, आपली आणि त्यांची, हेव्यादाव्यांसकट आहेत आणि कुणीही कुणाला दाखला देत बसलेले नाही. खाली लेखकाचे नावही आहे, ज्याच्याशी भांडता येते.

मार्च २०२० नंतर तबलीगी जमातीविषयी जे फिरले ते वाचकांना नव्याने सांगायला नको. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी जमातींवरील गुन्हे रद्द केले आणि वृत्तपत्रे व वाहिन्यांनी केलेल्या प्रचारावर स्पष्ट ताशेरे ओढले. तो निकाल आमच्या ग्रुपवर एक दिवस फिरला. ज्या ग्रुपांवर आधीचे सारे फिरले होते, तिथे तो पोचल्याचे आम्हांला दिसले नाही. आपणही तो नेऊन पोचवला नाही. मराठीत लिहायला, नावानिशी लिहायला आपल्यापैकी किती जण बसले? उर्दूत गहिवरणे सोपे असते, समोर सगळे आपलेच असतात. आम्ही स्वतः त्या वर्षी मराठीत एक ओळ लिहिली नाही.

हल्ली आठवीच्या वर्गात आम्ही शनिवारी एक तास वेगळा घेतो. मुलांनी घरच्या मोबाइलवर आलेली एक खबर वहीत उतरवून आणायची आणि वर तिची सनद लिहायची, जिथवर माग लागेल तिथवर. अभ्यासक्रमात हे कुठे बसत नाही, मुख्याध्यापक कानाडोळा करतात. बहुतेकांची सनद दोन कड्यांत संपते, 'अब्बा' आणि 'अब्बाचा ग्रुप'. गेल्या खेपेला एका मुलीने मात्र सहा नावे आणली. आईने मावशीला विचारले, मावशीने भिवंडीच्या नणंदेला, असे करत ती दोन दिवस फोन लावत बसली होती. सहाव्या नावापुढे तिने कंसात लिहिले होते, 'यांनी फोन कट केला.' खबर कुठल्याशा मिठाईत काय मिसळतात याची होती. आम्ही तिला विचारले, मग आता ही खबर खरी धरायची की खोटी? ती म्हणाली, "सर, अजून एकदा लावून बघते."