'बाईमाणूस' : एका रूढ शब्दाचा विचार

'बाईमाणूस' या शब्दात वरवर पाहता आक्षेपार्ह असे काही नाही. बाई हीदेखील माणूस आहे, एवढेच तो सांगतो. परंतु तेवढे सांगण्याची गरज भाषेला का पडावी, हा आमचा प्रश्न आहे.

प्रथम 'माणूस' हे पद घेऊ. 'दारात माणूस आला आहे' म्हणताच ऐकणाऱ्यापुढे पुरुष उभा राहतो. 'माणसे आली आहेत' म्हटले की त्यांत बायकाही येतात. एकवचनात बहुधा पुल्लिंगी चालणारा हा शब्द अनेकवचनात नपुंसकलिंगी होतो. समुदायात स्त्रीला जागा आहे; एकटीसाठी मात्र 'बाई' हे पद जोडावे लागते, आणि ते जोडल्यावर 'बाईमाणूस एकटे कसे जाईल?' असा नपुंसकलिंगी प्रयोग होतो.

'पुरुषमाणूस' हाही शब्द आहेच, मग पक्षपात कसला, असे कोणी विचारील. घडण सारखी आहे, योजना सारखी नाही. 'पुरुषमाणसाला चुलीपाशी काय काम?' यात सवलत आहे. 'बाईमाणसाने चारचौघांत कशाला बोलावे?' यात मनाई आहे. 'मी बाईमाणूस, मला काय कळते?' असे बाईच म्हणते तेव्हा तो शब्द तिची ढालही असतो.

पेडण्यातील कोरगावसारख्या गावी, जेथे घरची बोली कोकणी आणि मराठी वाचन-लेखनाची परंपरा जुनी आहे, तेथे या विचाराला आणखी एक पदर आहे. कोकणीत लहान मुलगी 'चेडूं' असते व 'चेडूं आयलें' असा नपुंसकलिंगी प्रयोग होतो. तेथील विद्यार्थ्याने मराठी निबंधात धाकट्या बहिणीस नपुंसकलिंगी क्रियापद लावले, तर शिक्षकाने तांबडी शाई उचलण्यापूर्वी थांबावे. ती चूक अज्ञानाची नाही. घरच्या व्याकरणाची आहे. त्या लिंगात वय आहे, वात्सल्य आहे. 'बाईमाणूस' म्हणताना मात्र तेच लिंग प्रौढ, कर्त्या स्त्रीस लागते. लिंग एक, भाव दोन. हा भेद शिकविण्याजोगा आहे.

याच भूमीत कायदा वेगळी भाषा बोलतो. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेल्या व्यवस्थेनुसार गोव्यात पतीला स्थावर मालमत्ता विकताना सामान्यतः पत्नीची संमती लागते. 'बाईमाणसाला काय विचारायचे?' असे घरी म्हणणाऱ्यास जमिनीच्या खरेदीखतावर तिची सही घ्यावीच लागते. तेथे ती बाईमाणूस नसते, हक्कदार असते.

हा शब्द टाकून द्यावा, असे आमचे म्हणणे नाही. त्यात आपुलकीही आहे, आणि रूढ शब्द कोणाच्या आज्ञेने जात नाहीत. ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुष तुलना' या पुस्तकात स्त्रियांवर लादलेले दोष पुरुषांनाही लावून पाहिले. तीच कसोटी येथे पुरेशी आहे. वाक्यातील 'बाईमाणूस' काढून तेथे 'पुरुषमाणूस' घालावा. वाक्य टिकले, तर शब्द निर्दोष. हास्यास्पद झाले, तर दोष शब्दाचा नसून बोलणाऱ्याच्या मनातील समजुतीचा आहे. वर्गात हा प्रयोग करण्यास एक फळा आणि पाच मिनिटे पुरतात.