वेष्टनाची परीक्षा कुठे संपते?

कसबा पेठेतल्या कुंभारवाड्यातून घेतलेले माठ टेम्पोत रचताना मध्ये भाताचा पेंढा का घालावा, हा प्रश्न नववीच्या वर्गात जरूर विचारावा. माठ ६० सेंटिमीटर उंचीवरून पडून कठीण फरशीवर १ मिलिमीटर अंतरात थांबला, तर त्याचे सरासरी मंदन गुरुत्वत्वरणाच्या ६०० पट असते. पेंढ्यात ३ सेंटिमीटर दबत थांबला, तर ते २० पटच राहते. पडण्याच्या उंचीला थांबण्याच्या अंतराने भागले, की उत्तर मिळते. वेष्टन अभियांत्रिकीचा, म्हणजेच पॅकेजिंगचा, पहिला धडा हाच.

हा विषय विद्यापीठात शिकता येतो, हे आपल्या बऱ्याच विद्यार्थ्यांना ठाऊक नसते. अमेरिकेतील मिशिगन स्टेट विद्यापीठात तो १९५२ साली वनउत्पादन विभागात सुरू झाला. भारतात १९६६ साली मुंबईत इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पॅकेजिंग स्थापन झाली. निर्यात मालाचे वेष्टन सुधारणे हा तिचा एक प्रमुख हेतू. विज्ञान वा अभियांत्रिकीच्या पदवीधरांना तेथे दोन वर्षांची पदव्युत्तर पदविका घेता येते. भौतिकी, रसायन, यंत्रे, छपाई आणि कायदा यांना एकत्र आणणारा असा विषय विरळाच.

आमचा आक्षेप विषयावर नाही. 'यशस्वी वेष्टन' कशाला म्हणायचे, या व्याख्येवर आहे. भरलेल्या खोक्याच्या प्रमाणित चाचण्या पाहा. ते आपटायचे, दाबायचे, हादरवायचे. आतला माल शाबूत राहिला, की वेष्टन उत्तीर्ण. ग्राहकाने ते फोडले, की परीक्षा संपली! पुढचा प्रवास पर्यावरणाच्या प्रकरणात शिकवला, तरी या निकालात तो धरला जात नाही.

बटाट्याच्या वेफर्सची पुडी घ्या. बाष्प आणि ऑक्सिजन आत शिरू नये म्हणून प्लास्टिकचे थर एकमेकांना चिकटवतात आणि त्यांपैकी एकावर ॲल्युमिनियमचा लेप देतात. हा लेप मायक्रॉनच्या दहाव्या भागाहूनही पातळ असतो. आत नायट्रोजन भरतात. अभियांत्रिकी म्हणून हे काम उत्तम आहे, यात शंका नाही. पण चिकटवलेले थर पुन्हा वेगळे करणे फार अवघड असते. पुण्यात 'स्वच्छ' या सहकारी संस्थेच्या कचरावेचक महिला घरोघरचा कचरा गोळा करून निवडतात. एकाच पॉलिएथिलीनपासून केलेल्या दुधाच्या पिशवीला भंगारात भाव येतो. वेफर्सच्या पुडीला तो मिळणे कठीण. आराखड्यातल्या उणिवेची किंमत अशी तिसऱ्याच माणसाच्या श्रमातून वसूल होते.

नियमांनीही येथे ढिलाई केली. पुनर्चक्रीकरण न होणारी बहुस्तरीय वेष्टने दोन वर्षांत बंद करावीत, असे केंद्राचे २०१६ चे नियम सांगत होते. २०१८ च्या दुरुस्तीने, ज्यापासून ऊर्जा मिळवता येते किंवा ज्याचा दुसरा काही उपयोग होतो, अशा वेष्टनाला त्यातून वाट मिळाली. म्हणजे जाळता येणे हाही गुण ठरला.

दुसरी बाजूही मांडली पाहिजे. वेष्टनाअभावी अन्न नासले, तर ते पिकवायला लागलेले पाणी, खत आणि श्रम वाया जातात. काही ग्रॅमच्या पुडीऐवजी जड काचेची बरणी वापरली, तर वाहतुकीचे इंधन वाढते. म्हणून 'प्लास्टिक वाईट, पेंढा चांगला' असे सोपे उत्तर आम्ही देत नाही. माल टिकवणे आणि नंतर वेष्टन निकामी न ठरणे, या दोन्ही अटी एकाच गणितात हव्यात, एवढेच आमचे म्हणणे. प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या प्रकल्पातले वेष्टन काही दिवस कचरा निवडण्याच्या जागी बसून तपासावे आणि त्यावर गुण मिळावेत.

शाळेत याची सुरुवात आजही करता येईल. मुलांना घरातली दहा रिकामी, धुतलेली वेष्टने आणायला सांगा. प्रत्येकासाठी तीन प्रश्न विचारा: यात किती पदार्थ आहेत? ते किती दिवस उपयोगी पडले? आता ते कोण घेईल? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधायला मुलांना भंगारवाल्याकडे पाठवा. ते पुस्तकात मिळणार नाही.