नियमांनी वर्चस्व मोडते का? : ल माँच्या शर्यतीचा एक हिशेब

मोटारींच्या शर्यतीवर दिवाळी अंकात निबंध, आणि तोही नागपुरातून, हे थोडे विचित्र वाटेल याची मला कल्पना आहे. मी अभियंता नाही. पंचवीस वर्षे एका गॅरेजच्या हिशेबवह्या लिहिल्या आणि सुटीच्या दिवशी सीताबर्डीवरून रद्दीच्या भावात इंग्रजी मोटार-मासिके घरी आणली. शब्दकोश शेजारी ठेवून ती वाचता वाचता एक प्रश्न मागे लागला. त्या मासिकांत एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा येई : अमुक कंपनी फार जिंकू लागली, म्हणून नियम बदलले आणि तिचे राज्य संपले. काही वर्षे मी ते खरे मानले. पुढे सालवार नियम आणि सालवार निकाल एका वहीत समोरासमोर लिहून काढले, तेव्हा जमा-खर्च जुळेना. हा निबंध त्या न जुळलेल्या हिशेबाचा आहे.

अभ्यासासाठी मी एकच शर्यत घेतली. फ्रान्समधल्या ल माँ या गावी १९२३ साली चोवीस तासांची शर्यत सुरू झाली. सुमारे साडेतेरा किलोमीटरच्या मार्गावर गाड्या दिवसरात्र धावतात. चालक आळीपाळीने बदलतात, गाडी मात्र तीच राहते. त्यामुळे इथे चालकाआधी गाडी बनवणाऱ्या कंपनीचे नाव घेतले जाते. नियम ठरतात ते तिथला मोटार क्लब आणि आंतरराष्ट्रीय मोटार महासंघ यांच्याकडून.

मर्यादेचा नियम

१९६६ आणि १९६७ या दोन्ही वर्षी अमेरिकेच्या फोर्ड कंपनीने ७००० सीसीची इंजिने घेऊन ही शर्यत जिंकली. आपल्याकडची साधी मोटरसायकल शंभर-सव्वाशे सीसीची असते, यावरून अंदाज यावा. वेग भयंकर वाढला होता. १९५५ साली याच मार्गावर एक गाडी प्रेक्षकांत घुसून ऐंशीहून अधिक माणसे मेली होती, ती आठवण जुनी झाली नव्हती. तेव्हा १९६८ पासून नियम आला : निव्वळ शर्यतीसाठी बनवलेल्या गाडीला ३००० सीसीची मर्यादा, ज्या गाडीचे निदान पन्नास नग तयार झाले असतील तिला ५००० सीसीपर्यंत मुभा.

या नियमाने फोर्डचे राज्य संपले असे लिहिले जाते. वहीत काय दिसते? कंपनीने स्वतःचा संघ मागे घेतला हे खरे. पण फोर्डचीच जुनी जीटी४० गाडी एका खासगी ब्रिटिश संघाने उतरवली आणि १९६८ व १९६९ ही दोन्ही वर्षे तिनेच मारली. म्हणजे ज्याला मोडायचे, तोच नव्या नियमाखाली आणखी दोनदा जिंकला.

पुढे पन्नास नगांची अट पंचवीसवर आली. जुन्या, मोठ्या इंजिनांच्या गाड्यांनी मैदान भरावे, हा त्यामागचा हेतू. एवढी महागडी नवी गाडी मुद्दाम पंचवीस वेळा कोण बनवील? पोर्शेने बनवली. एप्रिल १९६९ मध्ये बारा सिलिंडरांच्या, साडेचार हजार सीसीच्या पंचवीस ९१७ गाड्या कारखान्याच्या आवारात एका रांगेत उभ्या करून तपासनीसांना दाखवल्या गेल्या. कायदा तिथे पळवाट म्हणतात, पण ही पळवाट नव्हती. नियमाचे अक्षर न् अक्षर पाळून त्याचा हेतू उलथवलेला होता.

याची किंमतही वहीत आहे. गाडी घाईने बनली होती आणि सरळ रस्त्यावर वेगात स्थिर राहत नव्हती. तरी पंचवीस बनल्या, म्हणजे काही विकल्या जाणारच. एक जॉन वूल्फ नावाच्या हौशी ब्रिटिश चालकाने घेतली. जून १९६९ मध्ये ल माँच्या पहिल्याच फेरीत तो तिच्यासह आदळला आणि गेला. अपघाताला एकच कारण नसते, हे मला मान्य आहे. पण पंचवीसचा आकडा नसता तर ती गाडी त्या माणसाच्या हाती त्या दिवशी असती का, हा प्रश्न मला सोडत नाही. नियम लिहिणाऱ्याच्या लेखणीतून निघालेला आकडा शेवटी कुणाच्या तरी अंगावर येतो.

१९७० आणि १९७१ मध्ये ९१७ जिंकली. १९७२ पासून सगळ्यांनाच ३००० सीसीची मर्यादा लागू झाली आणि ती बाद ठरली. पुढची तीन वर्षे फ्रान्सची मात्रा कंपनी जिंकली. फ्रेंच क्लब, फ्रेंच विजेता, म्हणून हा नियम कटाचा भाग होता असे मानणारे आजही भेटतात. मला ते पटत नाही. ३००० सीसी हीच फॉर्म्युला वनच्या इंजिनांचीही मर्यादा होती, आणि १९७३ मध्ये मात्राने फेरारीला समोरासमोर हरवले. तरीही नियमाने एखाद्याला खरोखर बाहेर काढल्याचे हे स्पष्ट उदाहरण आहे, हे मी जमेच्या बाजूला लिहितो. मात्र पोर्शेने तीच गाडी अमेरिकेत नेली, तिला टर्बो बसवला, १९७२ आणि १९७३ मध्ये तिथली मालिका जिंकली आणि १९७६ मध्ये टर्बोचीच गाडी घेऊन ल माँ पुन्हा काबीज केले. हद्दपारीच्या काळात तिचे शिक्षणच झाले.

परीक्षेचा नियम

१९८२ साली वेगळ्याच जातीचा नियम आला. इंजिन कितीही मोठे घ्या, कसेही बनवा. इंधन मात्र मोजून मिळेल : हजार किलोमीटरच्या शर्यतीला सहाशे लिटर. मर्यादेचा नियम कालच्या गाडीकडे बघून लिहिलेला असतो. या नियमाने कोणत्याच गाडीकडे बोट दाखवले नाही, सगळ्यांपुढे एक प्रश्न ठेवला : एवढ्या तेलात किती लवकर जाल?

उत्तर पुन्हा पोर्शेलाच आधी सापडले. ९५६ आणि तिची पुढची आवृत्ती ९६२ यांनी १९८२ ते १९८७ अशी सलग सहा वर्षे ल माँ जिंकली. १९८३ मध्ये तर पहिल्या दहांतल्या नऊ गाड्या पोर्शे होत्या. याहून मोठे वर्चस्व कोणते? पण कंपनी ती गाडी कोणालाही विकत होती, आणि १९८४ व १९८५ मध्ये जिंकला तो खासगी संघ, कारखान्याचा नव्हे. वर्चस्व होते, मक्तेदारी नव्हती.

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची नोंद १९८८ ची आहे. त्या वर्षी जॅग्वारने पोर्शेला हरवले, दोन्ही गाड्या एकाच फेरीत असताना. पुढल्या वर्षी मर्सिडीजचे इंजिन असलेली साउबर जिंकली. या काळात मूळ नियम बदललेला नव्हता; इंधन काय ते १९८५ मध्ये आणखी कमी केले होते, आणि त्यानंतरही तीन वेळा पोर्शेच जिंकली होती. म्हणजे सहा वर्षांचे राज्य कोणी कायदा करून खालसा केले नाही. त्याच प्रश्नाचे दुसऱ्याने अधिक चांगले उत्तर दिले.

चाललेले बरे चालू द्यावे, हे मात्र नियमकर्त्यांना जमले नाही. १९९१ पासून ३५०० सीसीची फॉर्म्युला वनसारखी इंजिने आणण्याचे ठरले. संक्रमणाच्या त्या वर्षी जुन्या गाड्यांवर वजन लादले. माझदाला मात्र ८३० किलोवर धावण्याची सवलत मिळाली आणि तिचे रोटरी इंजिन जिंकले. जपानी कंपनीचा हा ल माँमधला पहिला विजय. नव्या इंजिनांचा खर्च खासगी संघांना झेपेना, आणि १९९२ नंतर जागतिक मालिकाच बंद पडली. १९९४ मध्ये तर रस्त्यावर चालवण्याचा परवाना मिळवून जुनीच ९६२ ‘साधी गाडी’ म्हणून उतरली आणि जिंकली. ज्या गाडीला घालवण्यासाठी नियम झाले, ती नंबरप्लेट लावून परत आली!

ऑडीचे प्रकरण थोडक्यात सांगतो. २००० ते २०१४ या काळात तिने तेरा वेळा शर्यत जिंकली. २००६ मध्ये डिझेलवर जिंकणारी ती पहिली. मधल्या काळात नियम अनेकदा फिरले, ऑडी जिंकत राहिली. ती गेली २०१६ च्या अखेरीस. आदल्या वर्षी फोक्सवॅगन या तिच्या मूळ कंपनीचा डिझेल धुराचा घोटाळा उघड झाला होता. वर्षभराने पोर्शेही गेली. जे शर्यतीच्या नियमपुस्तकाला जमले नव्हते, ते कंपनीच्या ताळेबंदाने केले.

तराजूचा नियम

मैदानात मोठी कंपनी उरली एकटी टोयोटा. २०१८ ते २०२२ अशी पाच वर्षे ती जिंकली, आणि आधीची दोन-तीन वर्षे तर तिची शर्यत स्वतःशीच होती. ही मरगळ घालवण्यासाठी २०२१ पासून नवा वर्ग आणि त्याबरोबर ‘समतोल’ आला. प्रत्येक कंपनीच्या गाडीला किती वजन, किती ताकद हे नियामक वेगवेगळे ठरवणार, म्हणजे सगळ्यांची कामगिरी जवळपास सारखी येईल.

२०२३ हे शर्यतीचे शताब्दी वर्ष. फेरारी पन्नास वर्षांनी सर्वोच्च वर्गात परतली होती. शर्यतीला दहा-बारा दिवस राहिले असताना, ठरलेल्या वेळापत्रकाबाहेर, वजने बदलली : टोयोटाला ३७ किलो जादा, फेरारीला २४, कॅडिलॅकला ११, पोर्शेला ३. फेरारी जिंकली, टोयोटा चोवीस तासांनंतर दीड मिनिटाहूनही कमी अंतराने दुसरी आली. फेरारी पुढे २०२४ आणि २०२५ मध्येही जिंकली.

टोयोटाचे राज्य नियमाने मोडले का? इथे माझी वही पहिल्यांदाच मुकी होते. १९८८ चे उत्तर देता येते, १९७२ चेही देता येते. २०२३ चे देता येत नाही, कारण मोजायची फूटपट्टीच प्रत्येक गाडीसाठी निराळी आहे. फेरारीची गाडी उत्तम असेलही. पण ती किती उत्तम, हे सांगणारा पुरावा त्या तेरा किलोंच्या फरकात विरघळून गेला.

हे वाचताना मला आपल्याच गावाचा इतिहास आठवतो. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेदजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. देशी गिरण्या लँकेशायरला स्पर्धा करू लागल्या. १८९६ साली विलायती कापडावरील आयात कर साडेतीन टक्के ठेवताना सरकारने देशी गिरण्यांच्या कापडावरही नेमका साडेतीन टक्के अबकारी कर बसवला. बोलायला समतोलच, पण तराजू कोणाच्या हाती होता हे सगळ्यांना दिसत होते. तो कर १९२६ साली रद्द झाला. ही तुलना मी ताणणार नाही. तिथे एका देशाची रोजीरोटी होती. इथे श्रीमंत कंपन्यांनी राजीखुशीने सह्या केल्या आहेत. पण एक फरक उलट दिशेचाही आहे. त्या कराविरुद्ध टिळकांनी चळवळ केली, रमेशचंद्र दत्तांनी लिहिले. ल माँच्या नियमांत मात्र समतोलावर जाहीर भाष्य करायलाच संघांना बंदी आहे. परदेशी सत्तेखाली जे बोलता आले, ते इथे एका खेळात बोलता येत नाही.

दुसरी बाजूही मांडली पाहिजे. २०२४ मध्ये सर्वोच्च वर्गात नऊ कंपन्यांच्या तेवीस गाड्या होत्या. इतकी गर्दी ओस पडलेल्या मैदानापेक्षा बरी, असे म्हणणाऱ्यांना मी चूक ठरवू शकत नाही. तराजू नसता तर यातल्या निम्म्या कंपन्या आल्या नसत्या, असे मलाही वाटते.

पण माझा निष्कर्ष हिशेबनिसाचा आहे. नियमाने वर्चस्व मोडते ही समजूत पुराव्याला क्वचितच उतरते. बलवान कंपनी नवा नियम इतरांआधी वाचते, त्यातली फट इतरांआधी शोधते, आणि जाते तेव्हा बहुधा स्वतःच्या कारणाने जाते. नियमाकडून अपेक्षा करायची ती एवढीच की प्रश्न सगळ्यांना सारखा असावा आणि उत्तर तपासता यावे. १९८२ च्या सहाशे लिटरांनी ते केले, आणि त्याच नियमाखाली सहा वर्षांचा विजेता हरलाही.

आता त्या वहीत २०२१ नंतरच्या पानांवर मी विजेत्याच्या नावापुढे त्याच्या गाडीचे वजन लिहितो. आधीच्या अठ्ठ्याण्णव वर्षांत त्याची गरज पडली नव्हती.