सावलीत कोण आहे?

पांढरी भिंत, तिच्यावर तिरकी उतरलेली सावली आणि कोपऱ्यात छत्री घेऊन चाललेला बोटाएवढा माणूस. एकांत या विषयावरची कृष्णधवल प्रिंट बघायला मुंबई-पुण्यातल्या कलादालनांत जावं, तर हेच एक चित्र वेगवेगळ्या सह्यांनी टांगलेलं दिसतं. कागद उंची, फ्रेम महाग, प्रती मोजक्या. माणूस मात्र कुणीही चालतो, कारण त्याला चेहराच ठेवलेला नसतो.

छायाचित्रकार फॅन हो यांनी १९५४ साली हाँगकाँगमध्ये नात्यातल्या एका मुलीला भिंतीपाशी उभं केलं आणि ती प्रसिद्ध तिरकी सावली नंतर डार्करूममध्ये घातली. ती सावली त्या मुलीकडे सरकते आहे, म्हणून बघणारा अस्वस्थ होतो. आपल्या अनुकरणांत सावली कुणाकडेच सरकत नाही. मायकेल केना यांच्या छायाचित्रांतलं बर्फाळ होक्काइडो बेट तर आपण थेट उजनी धरणाच्या फुगवट्यावर आणून ठेवलं आहे. १९८० साली धरण पूर्ण झालं, भीमाकाठची गावं उठली. पळसदेवचं जुनं देऊळ पाणी ओसरलं की उघडं पडतं. तिथे ट्रायपॉड लावून, शटर मिनिटभर उघडं ठेवून पाण्याचं धुकं करणारा माणूस नेमकं काय करतो? गाळ, भेगा, घरांच्या पायाचे दगड, म्हणजे ज्यांच्या जाण्यामुळे ते देऊळ एकटं पडलं त्यांच्या सगळ्या खुणा तो पुसतो. उरलेल्या शांततेची मग किंमत लावतो.

‘पाहावा विठ्ठल’ या छायाचित्रांच्या पुस्तकातली आकाशातून टिपलेली वारी भव्य आहे, एकट्या वारकऱ्यापर्यंत ती उतरत नाही. ए. एल. सय्यद यांच्या वळणाचं सलोन-सौंदर्य स्पर्धांपुरतं उरलं आहे.

खरं काम दयानिता सिंग यांच्याकडे आहे. ‘गो अवे क्लोजर’मध्ये (२००७) पलंगावर पालथी पडलेली मुलगी बघा. चेहरा तिचाही दिसत नाही. पण ती आकृती म्हणून तिथे आणलेली नाही. ती कुणाची तरी मुलगी आहे, कशावरून तरी रुसली किंवा थकली आहे, आणि आपण आत्ता त्या खोलीत नको होतो असं वाटतं. प्रबुद्ध दासगुप्तांच्या ‘एज ऑफ फेथ’मधली (२००९) गोव्याची ख्रिस्ती घरं अशीच. तिथला अंधार त्या घरात राहून राहून जमलेला आहे. प्रागच्या जोसेफ सुडेकचा उजवा हात पहिल्या महायुद्धात गेला. पुढे वर्षानुवर्षं तो आपल्या स्टुडिओची एकच खिडकी टिपत राहिला. एकांत शोधायला त्याला बर्फाळ बेटावर जावं लागलं नाही.

मराठीत या वाटेवर संदेश भंडारे आहेत. त्यांचं ‘तमाशा : एक रांगडी गंमत’ हे पुस्तक कुणी एकांताच्या खात्यात टाकत नाही, मी टाकतो. फडाच्या गर्दीत वावरणारी माणसं रंग चढवण्याआधी आणि उतरवल्यावर कोण असतात, हा त्या कामातला प्रश्न मला कुठल्याही धुक्यातल्या झाडापेक्षा खोल वाटतो. पुणे-सोलापूर रस्त्यावर माढा तालुक्यातल्या मोडनिंबला संगीतबारीची कलाकेंद्रं आहेत. पंढरपूरला कॅमेरे घेऊन धावणाऱ्यांपैकी किती जण तिथे दुपारी थांबतात? रात्रीची बैठक सगळ्यांना हवी असते. पण भर उन्हात, पत्र्याखाली, घुंगरं बाजूला ठेवून आडवी झालेली बाई आणि दारातून आत आलेला उजेडाचा पट्टा, हा माढा तालुक्याचा एकांत आहे. इथलं ऊन कडक आहे, सावलीची कड धारदार आहे. ते मऊ करून दाखवणं म्हणजे खोटं बोलणं.

अर्थात त्या बाईची परवानगी हवी, ओळख हवी, चार वेळा नुसतं जाऊन बसण्याची तयारी हवी. छत्रीवाल्याला विचारावं लागत नाही, आणि मला वाटतं त्याच्या लोकप्रियतेचं मुख्य कारण हेच आहे. पुढचा आळस प्रिंट करताना दिसतो. सॉफ्टवेअरमध्ये काळा रंग तळाशी दाबून टाकला की पट्कन ‘मूड’ तयार होतो. सावलीतला तपशील राखणं हे मुद्रणातलं सगळ्यांत अवघड काम. ॲन्सेल ॲडम्स यांची झोन पद्धत बरीचशी त्यासाठीच आहे. बॅरिटा कागद खोल काळा देतो, पण नेगेटिव्हमध्ये किंवा फाइलमध्ये नसलेलं तो कुठून आणणार? अंधारात डोळे रुळले की हळूहळू भांडं दिसावं, खाटेची कड दिसावी, हात दिसावा. काळा दाबून टाकलेल्या प्रिंटसमोर कितीही वेळ उभं राहा, काळ्यात काही सापडत नाही. त्याला गूढ म्हणणाऱ्या परीक्षकांनी आणि कलादालनांनी छायाचित्रकाराला एवढंच विचारावं: हा माणूस कोण, आणि तो एकटा का आहे? ज्याला हे सांगता येत नाही, त्याचं चित्र एकांत या विषयाखाली लावू नये.