छायाचित्र : साक्ष आणि कला

न्यायालयात छायाचित्र पुरावा म्हणून दाखल होते. जे होते तेच त्याने सांगावे, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा. वकिली व्यवसायाला हे ठीक आहे. परंतु छायाचित्राला कला म्हणावे की नाही, हा प्रश्नही याच कसोटीवर निकालात काढणारे सुशिक्षित गृहस्थ हुबळी-धारवाडात आजही भेटतात, म्हणून हा लेखनप्रपंच.

काशीविश्वेश्वराचे मंदिर पुन्हा उभारणाऱ्या अहिल्याबाईंच्या गादीवर १९२६ साली यशवंतराव होळकर आले. त्यांच्या पत्नी संयोगिताराणी कागलच्या घाटगे घराण्यातील. कागल म्हणजे आपल्या कोल्हापूरच्या वाटेवरचेच गाव. या दांपत्याची छायाचित्रे मॅन रे या अमेरिकन कलावंताने १९३० च्या आगेमागे फ्रान्समध्ये घेतली. राजा दीनदयाळांच्या दरबारी छायाचित्रांत शिरपेच, तलवार, मोत्यांचे कंठे साक्षीला उभे असतात; कारागिरी उत्तम, पण माणूस त्यांच्या ओझ्याखाली असतो. मॅन रेच्या काही चित्रांत राजचिन्हे पार गळाली आहेत. उरले आहे ते पाश्चात्त्य वेषातले, एकमेकांच्या सलगीत रमलेले तरुण जोडपे. यांतील पुरुष इंदूरचा अधिपती आहे, हे या चित्रांवरून कोणत्याही न्यायासनापुढे शाबीत होणार नाही. ‘हे शोभते काय?’ असे आमच्या एका वडीलधाऱ्या स्नेह्यांनी विचारले. लक्ष्मीला मांडीवर घेतलेल्या नारायणापुढे आपण हात जोडतो, एवढेच आम्ही त्यांस सुचविले.

ही दृष्टी आली कोठून? मॅन रे १९२१ साली पॅरिसला आला आणि चरितार्थासाठी पॉल प्वारे या वस्त्रकाराच्या पोशाखांची छायाचित्रे घेऊ लागला. आत्मचरित्रात तो सांगतो की, त्या प्रती धूत असता एक कोरा कागद चुकून द्रवात गेला. त्यावर काचेचे नरसाळे, थर्मामीटर ठेवून दिवा लावताच काळ्यावर त्यांच्या पांढऱ्या आकृती उमटल्या. कॅमेऱ्यावाचून चित्र! अतिवास्तववादाचा जाहीरनामा निघाला १९२४ साली. ही गोष्ट त्याच्या दोन वर्षे आधीची, आणि घडली ती फॅशनच्या कामात. फॅशनने कला बाटविली, असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे. पोशाखाचे छायाचित्र सत्यकथनाची शपथ मुळी घेतच नाही. ते मोहविण्यासाठीच जन्मते. त्या मोकळिकीचा मॅन रेने लाभ घेतला. मासिकांसाठी त्याने केलेले पुष्कळसे काम निव्वळ मालाची जाहिरात आहे, हेही आम्हांस नाकारता येत नाही.

संयोगिताराणी १९३७ साली, पंचविशीही गाठण्यापूर्वी, स्वित्झर्लंडमध्ये निवर्तल्या. ब्रांकुशी या शिल्पकाराकडून इंदुरात ध्यानमंदिर उभारून घेण्याचा महाराजांचा बेतही तसाच राहिला. यशवंतरावांच्या कलासंग्रहाचे मोठे प्रदर्शन २०१९ साली भरले, तेही पॅरिसला.